शिफारसपत्र

सुलक्षणा बोरसे गावच्या आशाताई झाल्या त्याला सोळा वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर बायका बाळंतपणाला दवाखान्यात पोचवल्या, घरोघर लोहाच्या गोळ्या वाटल्या, साप चावलेल्यांना जीपमध्ये घातलं. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं ते पत्रांमुळे. कुणाचं काही अडलं की अक्का तालुक्याला जायच्या आणि आमदारांच्या कार्यालयातून शिफारसपत्र घेऊन यायच्या. डायलिसिसला पत्र, मोतीबिंदूला पत्र, भाचीच्या वसतिगृहाला पत्र. एकदा तर कुत्रं चावलेल्या म्हाताऱ्यासाठी त्यांनी पत्र आणलं होतं. ते इंजेक्शन फुकटच मिळतं, पत्र कुणी बघितलंही नाही. नवऱ्यानं चेष्टा केली तेव्हा त्या म्हणाल्या, "नुसतं गेलं की खिडकीवरचा माणूस वर बघत नाही. हातात पत्र असलं की निदान बस तरी म्हणतो."

ते खोटंही नव्हतं. इकडे जळगाव-धुळ्याकडे सरकारी दारात माणूस कुणाचा तरी म्हणून उभा राहतो. एकटा उभा राहिला की तो कुणाचाच नसतो.

रत्ना त्यांच्याकडे आली ती दुपारी, धाकट्या मुलीला कडेवर घेऊन. वय सत्तावीस. नवरा प्रेमराज सुरतेला कापडाच्या गिरणीत, घरी सासू भिकुबाई आणि दोन मुली. मोठी सहा वर्षांची, धाकटी अजून अंगावर पीत होती. धाकटीच्या वेळी रक्तस्राव थांबेना म्हणून रत्नाला चार पिशव्या रक्त चढवलं होतं. तेव्हा सुलक्षणाबाईच सोबत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता पुन्हा नको. म्हणून तांबी बसवली. ती कधी निसटली ते रत्नाला कळलं नाही आणि मूल पितंय म्हणून पाळी आली नसेल असं समजून ती गप्प राहिली.

"अक्का, माले नको शे," रत्ना म्हणाली. तिनं एवढंच म्हणून दाराकडे बघितलं. मग आवाज उतरवून पुढं बोलली, "सासूबाई म्हणतात यंदा पोऱ्याच व्हई. मला नकोय हे त्यांना कळायच्या आत काय ते करा. मी मेले तर या दोघींना कोण बघेल?"

सोनोग्राफीत सोळा आठवडे निघाले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, तांबी निकामी झाली हे कारणही कायद्यात बसतं, सही लागते ती फक्त बाईची, आणि तिचं नाव बाहेर सांगायचं नाही. हे सगळं सुलक्षणाबाईंना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. त्यांनी रत्नाला जळगावच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले, रक्त तपासलं, जुनी फाइल वाचली.

"पुढच्या गुरुवारी या. सकाळी उपाशी," त्या म्हणाल्या. "दोन दिवस राहावं लागेल."

काम झालं होतं. बसमध्ये रत्ना खिडकीला डोकं टेकून झोपली. कित्येक दिवसांनी झोपली असावी. आणि सुलक्षणाबाई मात्र हिशेब करत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई गुरुवारी सुट्टीवर गेल्या तर? दुसरं कुणी भेटलं आणि दोन मुलींवर हे कशाला म्हणून विचारलं तर? वरचं काही असलेलं बरं.

सोमवारी त्या आमदारांच्या कार्यालयात गेल्या.

आमदारांना सगळे भाऊच म्हणत. कार्यालय सांभाळायचा स्वप्नील, भाऊंचा स्वीय सहायक. निवडणूक जवळ आल्यामुळे टेबलावर पत्रकांचे गठ्ठे होते. भाऊंनी सभागृहात किती प्रश्न विचारले, किती दिवस हजर होते, किती रुग्णांना पत्रं दिली, सगळ्याचे आकडे त्यावर छापले होते.

"या अक्का, तुमच्यासाठी तर आम्ही लेटरहेडचा वेगळा गठ्ठा ठेवलाय," स्वप्नील हसला. "बोला. कोण पेशंट?"

सुलक्षणाबाईंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आजार सांगितला. सोळा वर्षांची सवय. या टेबलासमोर बसलं की सगळं सांगायचं, काही लपवलं तर पत्र कच्चं होतं, असा त्यांचा अनुभव होता.

स्वप्नीलची बोटं कीबोर्डवर थांबली. "गर्भपात? मुलं किती?"

"दोन मुली. पण त्याचा काही संबंध नाही. मागच्या वेळी ती मरता मरता वाचलीय."

"अक्का, भाऊंनी गेल्या महिन्यात लेक वाचवाची रॅली काढली. तुम्हीच बायका आणल्या होत्या. आणि आता भाऊंच्या सहीनं दोन मुलींवर गर्भपात?" त्यानं अर्धवट टाइप केलेलं पुसलं. "उद्या विरोधकांच्या हाती हे पत्र लागलं तर?"

"कायद्यात बसतं, स्वप्नील. मुलगा की मुलगी कुणी बघितलेलंच नाही."

"तुम्ही म्हणता म्हणून. बरं, पत्र राहू द्या. मी तोंडी सांगतो. कोणता दवाखाना म्हणालात?"

त्यांनी दवाखान्याचंही नाव सांगितलं. निघताना स्वप्नीलनं चहा पाजला. तोंडी तर तोंडी, असं म्हणत त्या घरी आल्या.

बुधवारी दुपारी रत्नाच्या दारात आरोग्य खात्याची जीप थांबली. दोन बायका आणि एक साहेब उतरले. ओट्यावर भिकुबाई तूर निवडत बसल्या होत्या. साहेबांनी त्यांनाच विचारलं, "सुनेला दिवस गेलेत ना? दोन मुली आहेत? गर्भ पाडायचा विचार आहे असं कळलंय. सोनोग्राफी कुठं केली?"

भिकुबाईंचं सूप हातातच राहिलं. आत रत्नानं ते ऐकलं.

गुरुवारी तरीही त्या दोघी जळगावला गेल्या, भिकुबाईंची बोलणी पाठीवर घेऊन. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

"तुम्ही कुणाला सांगितलंत?" त्यांनी सुलक्षणाबाईंनाच विचारलं. "सोमवारी संध्याकाळी आमदारांच्या कार्यालयातून फोन आला, लक्ष ठेवा म्हणून. मंगळवारी तपासणीवाले आले, दोन वर्षांची रजिस्टरं उलथीपालथी केली. मी आता हात लावणार नाही. नवऱ्याची सही आणा, मुलगा-मुलगी बघितली नाही असा सोनोग्राफीवाल्याचा दाखला आणा, मग बघू."

"बाई, नवऱ्याची सही कायद्यात लागत नाही."

"मला कायदा शिकवू नका. सोमवारपर्यंत मीही कायद्यानंच चालले होते."

बाहेर आल्यावर रत्नानं विचारलं, "आमदारले कोनी सांगं?"

सुलक्षणाबाई पदर सावरत बसस्टँडच्या वाटेला लागल्या. परतीच्या बसमध्ये रत्ना पुढच्या बाकावर जाऊन बसली, जागा नव्हती तरी, एका म्हातारीला सरकायला लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणाबाई तालुक्याला गेल्या. त्यांना वाटत होतं, ज्या फोननं बिघडलं तो फोन उलटा करता येईल. भाऊ स्वतः होते. पोहे खात होते.

"अक्का, बसा. पोहे घ्या."

"भाऊ, पोहे राहू द्या. मी आज एकच विचारायला आले. बाईला वीस आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, तो कायदा झाला तेव्हा तुमचं मत काय पडलं होतं?"

भाऊंनी चमचा खाली ठेवला. असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. लोक रस्ता विचारायचे, पाणी विचारायचे. "तो दिल्लीचा कायदा, अक्का. आम्ही मुंबईला बसतो. त्यावर मत द्यायची वेळ माझ्यावर आलीच नाही."

"मग आपल्या खासदारांनी काय दिलं?"

भाऊंनी स्वप्नीलकडे बघितलं. स्वप्नील म्हणाला, "आवाजी मतदान झालं होतं. बाजूनं असतील त्यांनी हो म्हणायचं. त्यात कुणाचं नाव लिहीत नाहीत."

"म्हणजे कोण हो म्हणालं आणि कोण गप्प बसलं, ते कुणालाच सांगता येणार नाही?"

"कायदा पास झाला ना? मग झालं," भाऊ म्हणाले.

"पास झाला, मग तुमच्या कार्यालयातून अडवायचा फोन कसा गेला?"

"अडवायचा नाही हो. लक्ष ठेवा एवढंच म्हटलं असेल पोरानं." भाऊंचा आवाज मऊ होता. बायकांशी ते नेहमी मऊच बोलत. "उद्या काही उलटंसुलटं निघालं तर माझं नाव येतं. तुम्ही माझ्या बहिणीसारख्या. समजून घ्या."

"मग आता त्यांना फोन करा. म्हणा, बाईचं काम कायद्यानं होत असेल तर करा. एवढंच म्हणा."

भाऊंनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "हे बघा, करू नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण करा असंही सांगणार नाही. यात मला घेऊच नका."

"घेतलंय ना भाऊ आधीच. मीच घेतलं," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि उठल्या. दारापर्यंत स्वप्नील सोडायला आला. "रागावू नका अक्का, दुसरं काही काम असलं तर सांगा," तो म्हणाला. तो मनापासून म्हणत होता, हेच त्यांना सहन होईना.

पुढचे आठ दिवस त्यांनी ओळखीच्या परिचारिकांना विचारलं, एका जुन्या डॉक्टरांच्या घरी जाऊन आल्या. जळगावात तपासणीची बातमी सगळीकडे पोचली होती. रत्नाच्या घरी गेलं की भिकुबाई दारातच उभ्या राहत. "आता काय सांगायला आलीस? तुझ्या नादानं घरावर जीप आली. बठ्ठा गाव हसी ऱ्हायना." सुरतेहून प्रेमराजचा रोज फोन येत होता आणि तो फोन रत्नाच्या हाती नव्हे, भिकुबाईंच्या हाती असे.

नवव्या दिवशी भिकुबाई म्हणाल्या, "माहेरी गेली, चार दिवस झाले. आईचं दुखतंय म्हणे."

रत्नाचं माहेर दोंडाईच्याजवळ. तिच्या आईला काही दुखत नाही हे सुलक्षणाबाईंना माहीत होतं. त्यांनी दुपारची गाडी पकडली. गाडीत त्यांनी बोटांवर मोजलं, साडेअठरा आठवडे. अजून दीड आठवडा हातात होता. धुळ्यात विचारू, असं त्यांनी ठरवलं. कुणाचं पत्र न घेता, नुसतं दारात उभं राहून.

रत्ना आईच्या घरी मागच्या खोलीत गोधडी घेऊन पडली होती. एवढ्या उकाड्यात गोधडी. सुलक्षणाबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना पुढचं विचारायची गरज उरली नाही.

"व्हयी गयं, अक्का," रत्ना म्हणाली.

"कुठं? कुणी दिलं?"

"ते तुमले सांगाव नही."

"मला नको सांगू. पण किती दिवस झाले तेवढं सांग. रक्त जातंय का अजून?"

रत्नानं तोंड फिरवलं. तिची आई दाराशी उभी राहून रडत होती. तीन दिवस, ती म्हणाली. काल रात्रीपासून ताप. वास येतोय.

सुलक्षणाबाईंनी मोबाइल काढला. एकशे आठची गाडी, तिथल्या आशाताई, धुळ्यातल्या दवाखान्यात ओळखीचा कुणी, असे तीन नंबर त्यांच्या बोटात तयार होते. रत्नानं गोधडीतून हात काढून त्यांचं मनगट धरलं. पकड तापानं कढत होती.

"कोणाला फोन नका करू. नाहीतर मी इथून हलणार नाही."

"रत्ना, जीव जाईल."

"जाऊ दे. पण पुन्हा दारात जीप नको."

सुलक्षणाबाईंनी मोबाइल पिशवीत टाकला. शेजारी चांद नावाचा रिक्षावाला राहत होता. त्याला त्या स्वतः जाऊन बोलावून आल्या, पोटात दुखतंय एवढंच सांगून. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो रिक्षा इतकी हळू करी की सुलक्षणाबाईंना ओरडावंसं वाटे, आणि रत्नाचा चेहरा बघून ओरडता येत नसे.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. खिडकीवरच्या माणसानं खरंच वर बघितलं नाही. सुलक्षणाबाई खिडकीत डोकं घालून म्हणाल्या, "पोरगी मरतेय. आधी बघा, मग चिठ्ठी फाडा." मागच्या रांगेतल्या दोन बायकाही ओरडल्या, तेव्हा स्ट्रेचर आलं.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिनं तपासलं आणि सांगितलं की पिशवीत काही राहून गेलंय, पू झालाय, लगेच साफ करावं लागेल, रक्त लागेल. मग रत्नाच्या तोंडाजवळ वाकून विचारलं, "सही करता येईल? तुमचीच लागेल. सोबत कोण आहे?"

रत्नानं आधी आईकडे बघितलं. मग सुलक्षणाबाईंकडे. "आई शे," ती म्हणाली.

डॉक्टरनं सुलक्षणाबाईंकडे मान वळवली. "मग तुम्ही बाहेर थांबा."

त्या बाहेर थांबल्या. साडेतीन तास थांबल्या. रात्री डॉक्टर येऊन रत्नाच्या आईला म्हणाली की धोका टळलाय असं वाटतं, पण अजून दोन दिवस काही सांगता येत नाही, आणि पुन्हा दिवस जातील की नाही तेही आताच सांगता येणार नाही. सुलक्षणाबाई भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नाही, पण हाकललंही नाही.

रत्नाला खाटेवर आणल्यावर त्या आत गेल्या. रत्ना जागी होती. ओठ पांढरे पडले होते.

"घरी काय सांगणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"तू म्हणशील ते."

"मी अजून ठरवलं नाही."

"मग काहीच नाही सांगत."

रत्नानं डोळे मिटले. विश्वास बसला की नाही ते त्यावरून कळण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात पिशवीत मोबाइल वाजला. भिकुबाईंचा फोन. सुलक्षणाबाईंच्या तोंडी उत्तर आलंच होतं, चांगलं जुळवलेलं, आईच्या दुखण्याचं, दोन दिवसांत परत येण्याचं. असली उत्तरं त्यांना नेहमीच पटकन सुचत.

त्यांनी फोन उचलला नाही. वाजतच असलेला फोन रत्नाच्या हातात दिला.

"घ्यायचा की नाही ते तूच बघ," त्या म्हणाल्या, आणि रत्ना काय करते ते बघायला न थांबता त्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.