चूलबंद तिकीट

गर्दीची मला आता इतकी धास्ती बसली आहे, की बाजारात चार माणसं जवळ आली तरी छातीत धडधडतं. लोक हसतात. हसू देत.

जळगावातल्या आमच्या संगीत मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं दरवर्षी काळ्याबाजारात जायची. खिडकी उघडायचा अवकाश, चार टगे गठ्ठाच उचलायचे आणि संध्याकाळी समोरच्या रिक्षास्टॉपवर तिप्पट भावानं विकायचे. खेड्यातून आलेली माणसं हात हलवत परत. माझं डोकं फिरायचं. शेवटी बैठकीत मीच ठणकावलं, यंदा खिडकीच नको. गावोगाव नावं घेऊ, सोडत काढू, तिकिटावर नाव छापू, दारात आधार कार्ड बघू. आणि एका घराला एकच तिकीट, म्हणजे गठ्ठे कुणाला मिळणारच नाहीत.

पारोळा, एरंडोल मी स्वतः फिरले. माईक घेऊन आमच्या बोलीत सांगितलं, "एक घरले एकच तिकीट भेटी, नाव पाहीसनच आत सोडसूत." माना डोलल्या. मी खूश.

आता आमच्याकडे लग्नाचं आवतन घराला एकच येतं आणि ते चूलबंद असतं. पत्रिकेवर नाव कर्त्या माणसाचं, पण त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही; म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. मला का हे माहीत नव्हतं? जन्म इथेच गेला माझा. पण डोक्यात टगे बसलेले, दुसरं काही शिरेल तर शप्पथ!

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन उतरायच्या आत नाट्यगृहासमोर माणसांनी भरलेले टेम्पो यायला लागले. पहिले एक आबा दारात आले. नाव बरोबर, कार्ड बरोबर. म्हटलं, "या आबा, आत." आबा हलेनात. मागे सून, लेक, नातवंडं.

"त्यांना नाही सोडता येणार, आबा. तिकीट एकच आहे."

"मंग मी एकलाच कसा जाऊ?"

आधी मला हसूच आलं. पण त्यांच्या मागचे नानाही तसेच अडले, त्यांच्या मागचेही तसेच. घर सोडून कुणी आत जाईना, तिकीट असल्यावर कुणी परत फिरेना, आणि पाठीमागे टेम्पो रिकामे होतच होते. मग रेटा आला. गजांचं लोखंडी दार करकरलं. मी आतून ते ओढून घेतलं आणि तिथेच घोळ झाला. दार उघडायचं बाहेरच्या बाजूला. गर्दी अंगावर आल्यावर ते तसूभर हलेना.

तेवढ्यात अक्का दिसली. माझी मोठी बहीण, पारोळ्याची. कडेवर नात. क्षणात अक्काचं डोकं गर्दीत गेलं, नुसती पोर दिसत राहिली. गाल गजाला दाबलेला, तोंड उघडं, आवाज नाही. अगं बाई, रडायलासुद्धा श्वास लागतो! ही आता माझ्यासमोर जाणार, एवढंच डोक्यात होतं.

मी पळत जाऊन निवेदकाच्या हातातला माईक हिसकावला; त्याचा एक भोंगा दारावरच होता. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. "खाले बसा! बठ्ठा जन खाले बसा! पंगत बसनी, पंगत!"

पंगत म्हटल्यावर आमच्यात उभं कोण राहतं? आधी मागचे बसले. मग त्यांच्या पुढचे, रांग धरून, मांडी घालून. रेटा ओसरला तसं आम्ही दार ढकललं आणि मी पोरीला ओढून घेतलं. ती खोकली, मग तिनं असा टाहो फोडला! मीही तिच्यासोबत रडले.

आतले भोंगेही बाहेर लावले. सगळ्यांनी बाहेरच्या मैदानात बसून गाणं ऐकलं, आतल्या खुर्च्या रिकाम्या. टगा एकही फिरकला नाही म्हणून मंडळानं पेढे वाटले. मी माझा पेढा पदराला बांधला आणि अक्काला शोधत निघाले.

अक्का भिंतीला टेकून बसली होती, पदर फाटलेला, मांडीवर नात. पोरीच्या गालावर गजाचा लाल वळ. मला वाटलं अक्का शिव्या देईल. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला खरंच उमगत नव्हतं.

"तूच सांगेल व्हतं ना, आमना घरले तिकीट शे," ती म्हणाली. "मंग हाई पोर आमना घरनी नही का?"