घोडीसाठी पन्नासचा बॉल

आमची घोडी लग्नातली. बँड कानाशी वाजत असो, पायाशी फटाके फुटत असोत, नवरदेवाला पाठीवर घेऊन ती निवांत चालते. आम्ही मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड बोलतो, त्यामुळे तिलाही कन्नडच कळतं. "बा, बा" म्हटलं की ये असं समजून येते. फक्त पिकअपच्या हौद्यात चढायचं म्हटलं की तिला काही कळेनासं होतं.

त्याला कारण होतं. एकदा करमाळ्याच्या लग्नाहून परतताना चढायच्या फळीवरून तिचा मागचा पाय घसरला आणि नडगी सोलून निघाली. डॉक्टरांनी टाके घातले, जखम भरली, पण मनातली भीती काही गेली नाही. फळी दिसली की ती चारही पाय रोवून उभी राहायची, अंगाला घाम फुटायचा. चार माणसं मागून ढकलतायत आणि ती डोळे पांढरे करतेय, हे मला बघवेना.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, हौदा उंच आहे म्हणून तिला भीती वाटते. जमिनीलगतचा ट्रेलर घेऊ. दोन पावलांत आत जाईल."

अकलूजच्या एका घोडेवाल्या बागायतदारांकडे असा ट्रेलर पडून होता. दोन चाकांचा, बुटका, आत रबराची चटई. त्यांनी तो आम्हाला दिला आणि स्वतःच्या गाडीला जोडून, आम्ही आता राहतो त्या सोलापूरपर्यंत पोचवलाही. खरी अडचण पुढे होती. या ट्रेलरचं तोंड पालथ्या वाटीसारखं होतं. ओढणाऱ्या गाडीच्या मागे लोखंडी गोळा, म्हणजे बॉल लागतो, त्यावर ही वाटी बसते आणि वरचा खटका दाबला की अडकते. आमच्या पिकअपला मागे होता नुसता ट्रॉलीचा हूक. दोन पट्ट्या आणि मध्ये आरपार जाणारी सैल खीळ.

नवऱ्याला उपाय सोपा वाटला. "वाटी कापून टाकू की. पुढं कडी वेल्डिंग करू. ऊस वाहणाऱ्या सगळ्या ट्रॉल्या खिळीवरच चालतात."

"उसाला धक्का लागत नाही," मी म्हणाले. "घोडीला लागतो."

आम्ही एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. माणूस कामाला पक्का, आमच्या ओळखीचा. त्याचंही मत नवऱ्यासारखंच. "वहिनी, बॉलचं लई कौतुक नका करू. खीळ कुटंबी मिळती. तुटली तर रस्त्यावर बदलता येती."

त्याच्या आवारात लोखंड वाहायची एक लहान ट्रॉली उभी होती, खिळीवर चालणारी. मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "ही आमच्या पिकअपला जोडा. गाडी मी चालवते. हे मागे ट्रॉलीत उभे राहतील."

"मी?" नवरा म्हणाला.

"घोडीला विचारता येत नाही. तुम्हाला येतं."

वेल्डिंगवाला हसायला लागला. नवराही हट्टाने चढला, समोरचा दांडा धरून उभा राहिला. मी मागच्या रिकाम्या गल्लीत गाडी काढली. मुद्दाम जोरात नाही, अगदी रोजच्यासारखी चालवली. गिअर बदलला की खिळीत खडाक आवाज, ब्रेकला पाय लावला की परत खडाक. खड्डा आला की मागून पुढून दोन्हीकडून. आरशात बघत होते, तो आधी एका हाताने धरून उभा होता, मग दोन्ही हातांनी, मग गुडघे वाकवून.

परत येऊन उतरला तेव्हा कंबर चोळत होता. "प्रत्येक गिअरला कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटतं," तो म्हणाला. मग वेल्डिंगवाल्याकडे वळला. "बॉलच बसवा."

तिथून काम सरळ होईल असं वाटलं. वेल्डिंगवाल्याने कुठून तरी एक चकचकीत बॉल आणला. तो नुसता ठेवून वाटी बसवली तर बसली, पण खटका पूर्ण खाली जाईना. थोडासा वरच राहिला.

"ग्रीस लावू, हातोड्यानं एक ठोका देऊ. बसतंय," तो म्हणाला.

माझ्या वडिलांचं यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचं लेथ होतं. लग्नाआधी मी तिथेच वाढले, मापाची सवय तेव्हापासूनची. ट्रेलरच्या वाटीवर चिकटलेली माती मी पदराने पुसली. खाली कोरलेलं होतं, पन्नास. व्हर्निअर मागितला आणि बॉल मोजला. पन्नासच्या वर जवळजवळ एक मिलीमीटर भरला.

"हा दोन इंचाचा आहे," मी म्हणाले.

"दोन इंच म्हंजी पन्नासच की, वहिनी."

"बोलायला पन्नास. खटका बसला का?"

त्याने पुन्हा दाबून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि बॉल उचलून फडक्यात गुंडाळला. "न्हाय बसला. पन्नासचा सोलापुरात घावायचा न्हाय. पुण्यास्नं मागवतो."

त्यात एक तारीख गेली. अक्कलकोट रोडच्या एका वरातीचं बोलणं झालं होतं, ते आम्हाला दुसऱ्या घोडीवाल्याला द्यावं लागलं. नवरा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मी त्याला समजावायला गेले नाही. खटका अर्धवट लागलेला ट्रेलर आणि आत आमची घोडी, हे चित्र मला नको होतं, आणि त्यावर माझं मत बदलणार नव्हतं.

बॉल आला. खटका टक्कन बसला. मग बसवायचा कुठे यावर पुन्हा बोलणं. बंपरला वेल्ड केला असता तर लवकर झालं असतं. पण बंपर धक्का खायला असतो, ओझं ओढायला नाही. वेल्डिंगवाल्याने चेसीच्या दोन्ही दांड्यांना जाड पट्टी बोल्टांनी आवळली आणि तिच्यावर बॉल घेतला. जोडून बघितलं तर ट्रेलरचं नाक वर, शेपूट खाली. अशात उभं राहिल्यावर घोडीच्या मागच्या पायांवर सगळा भार आला असता. बॉल खाली उतरवायला पट्टी पुन्हा काढून वाकडी बनवावी लागली. या वेळी नवऱ्यानेच सांगितलं, "सपाट होईपर्यंत काढा. घाई न्हाय." खटका सुटलाच तर ट्रेलर धरून ठेवायला दोन्ही बाजूंना साखळ्या लावल्या. शेवटी मी, ट्रेलर सुटा उभा करताना टेकायचं जे पुढचं लहान चाक असतं, त्याचा जॅक फिरवला. वाटीबरोबर पिकअपचं मागचं अंगही वर उचललं गेलं. म्हणजे पकड पक्की होती.

घोडीला आम्ही बोलावलं नाही. ट्रेलर दारात उघडा ठेवला आणि आत कडबा टाकला. पहिल्या दिवशी तिने लांबूनच मान ताणली. दुसऱ्या दिवशी पुढचे पाय आत ठेवून खाल्लं. तिसऱ्या सकाळी मी बाहेर आले तर ती पूर्ण आत उभी होती, आणि नवरा बाजूला उभा राहून तिच्या पाठीवर हात फिरवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "नातेपुत्याच्या लग्नाला हो म्हणून टाक."

नातेपुत्याला जाताना मी शेजारी बसले, गाडी तो चालवत होता. अकलूजच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडरस्त्यावरून सरळ समोर आला. नवऱ्याने ब्रेक दाबला. माझा हात डॅशबोर्डवर गेला आणि कान मागे लागले. टापांचा आवाज, आपटल्याचा आवाज, काहीतरी येईल म्हणून मी ऐकत होते. काहीच आलं नाही. ट्रेलर आमच्यामागे एका रेषेत थांबला होता.

उतरून बघितलं. खटका जागेवर, साखळ्या सैल. जाळीतून आत डोकावले तर घोडी कडब्याचं एक धाट चघळत होती आणि आम्ही का थांबलो म्हणून माझ्याकडे बघत होती. नवरा ट्रॅक्टरवाल्याला शिव्या द्यायला निघाला होता, तो घोडीला बघून थांबला. "चला," म्हणाला, "वरात वाट बघतीया."

नातेपुत्यात ती उलट्या पावलांनी अलगद खाली उतरली. झूल चढवली, मोरपिसांचा तुरा लावला. नवरदेव घाबरट होता, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून बसला. घोडी मात्र बँडच्या तालावर मान हलवत, चारही पायांवर सारखा भार टाकत चालली. मी बाजूने चालत होते, तिच्या मागच्या पायाकडे बघत. मंडपाच्या दारापर्यंत एकदाही लंगडली नाही.

या मोसमात नवऱ्याने दुसरी घोडी घेतली आहे, शिकाऊ आहे, तिच्यासाठी त्याला घरी थांबावं लागतं. लांबच्या वराती माझ्याकडे आल्या आहेत. मी ट्रेलर जोडते, खटका बघते, साखळ्या अडकवते, आणि निघते.