बाबांचं ‘मॅनेज’

आई गेल्यावर बाबा हरणी भागातल्या आमच्या घरी एकटेच राहू लागले. मी त्याच शहरात, पण अलकापुरीत, नोकरीच्या जवळ. रोज फोनवर मी जेवणाचं विचारायची आणि ते म्हणायचे, "करतोय मॅनेज."

हा शब्द त्यांच्या तोंडी मला खटकला. मकरपुऱ्याच्या कारखान्यात असताना ते तो एकाच अर्थाने वापरत. "तो इन्स्पेक्टर मॅनेज झाला," म्हणजे त्याने पैसे खाल्ले. मी इंग्रजी शिकवते, म्हणून शब्दकोश उघडला. शब्द मूळचा इटालियन, त्यामागे लॅटिनमधला ‘हात’. आधीचा अर्थ घोड्याला वळण लावणं, मग कारभार पाहणं, मग कसंबसं निभावणं. लबाडी आपण त्यात मिसळली. बाबांचा अर्थ यातला कुठला, ते कळेना.

एका शनिवारी मी न कळवता त्यांच्याकडे गेले. ओटा लखलखीत. डब्यातली डाळ मी भरली होती तेवढीच.

"काय जेवलात?"

"खिचडी."

कुकर कोरडा ठणठणीत होता. शर्टाला मात्र फोडणीचा वास येत होता. निघताना शेजारच्या गुजराती बेन जिन्यात भेटल्या. "अंकल तो रोज सवारे तैयार थईने नीकळी जाय छे," म्हणाल्या आणि हसल्या.

रोज तयार होऊन जातात कुठे? कुणाच्या घरी जेवतात? कुणी बाई आहे, की कुणी गोड बोलून त्यांना कशात ओढलंय? मनात नको नको ते येत राहिलं.

सोमवारी रजा टाकली आणि रिक्षाने त्यांच्या स्कूटरमागे गेले. ते एका बंगल्यात शिरले. फाटकावर पाटी होती: परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रसोईचे वर्ग. खिडकीतून पाहिलं, तर कॅनडाला निघालेल्या पोरापोरींमध्ये बाबा ॲप्रन बांधून कांदा चिरत होते. शिकवलेलं तिथेच जेवत, हे नंतर कळलं.

बाहेर आले आणि मला पाहून थबकले. "माझ्या मागे आलीस?"

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

"सांगितलं असतं तर तू डबा पाठवायला लागली असतीस." स्कूटरची किल्ली काढत म्हणाले, "मला आयता डबा नको होता."

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. भात चिकट झाला होता, आमटीत गूळ जास्त पडला होता. आईच्या आमटीची सर तिला नव्हती, आणि ते त्यांनाही कळत होतं.

"आता डाळ-तांदळाचा हांडवो शिकवणार आहेत," ते म्हणाले आणि न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला.