प्रमाणात काढलेला हात

मेणखडूंचा वास आला की मजुरांच्या छावणीतली ती पत्र्याची शाळा आठवते. मी डी.एड.ला होते आणि सरावपाठांसाठी तिथं जायचे. मुलाला जे महत्त्वाचं वाटतं तेच ते चित्रात मोठं काढतं, हे नुकतंच पुस्तकात वाचलं होतं. पहिलीतल्या एका मुलीनं आपलं घर काढलं, त्यात वडिलांचा हात घराहून मोठा होता. "एवढा मोठा कसा गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "जेवढा लागतो तेवढाच काढला, बाई." मला त्यात फक्त सिद्धांत दिसला. शाळा सुटल्यावर तिला न्यायला आलेल्या वडिलांना मी ते चित्र कौतुकानं दाखवलं. "घरातलं इथं दाखवती व्हय?" म्हणत त्यांनी तिला अशी थोबाडीत मारली की ती बाकाच्या कडेवर आपटली. मी मध्ये पडले तर दुसरा फटका माझ्या कानावर बसला. तिच्या भुवईतून रक्त वाहत होतं, पण ती रडली नाही. आठवड्यानं तिनं पुन्हा घर काढलं तेव्हा हात अगदी प्रमाणात होता. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "बघ, किती प्रगती केली हिनं." आता मी शिक्षकांना शिकवते. मूल कसं शिकतं, असं वर्गात कुणी विचारलं की मी आधी फळ्यावर घराहून मोठा हात काढते.