काकांचा वन्समोअर

कॅल्गरीतल्या आमच्या शेजारच्या काकांना दाद दिल्याशिवाय राहवत नाही. मी बर्फ उपसून शोव्हल केलेला ड्राइव्हवे बघूनसुद्धा ते "वा!" म्हणतात. आमच्या घरात तसं कोणी म्हणत नाही.

त्यांची सून हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. परवा तिचा पहिलाच कार्यक्रम, त्यामुळे ती धास्तावलेली. "बाबा, मध्ये बोलायचं नाही हं," असं तिनं निघताना पुन्हा बजावलं होतं.

सिंफनी अगदी जुन्या वळणाची. मोजकी व्हायोलिनं, दोन हॉर्न, आणि हळूच कुजबुजता कुजबुजता एकदम दणका. पहिला तुकडा संपतो न संपतो तोच काका ओरडले, "वन्समोअर!"

मी खुर्चीत बुडालो. आणि काय सांगू, सगळ्यांनी तो तुकडा खरोखरच पहिल्यापासून वाजवला!

"अहो, जुन्या सिंफनीत तो दोनदा वाजवायचीच रीत असते. तोंड मिटा," बायको माझ्या कानात पुटपुटली. काकांना हे सांगायचा मला धीर झाला नाही.

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "बाबा, वन्समोअर कसला मागता? पहिल्या वेळी माझी सुरुवातच चुकली होती."

"ऐकलं की मी," काका कोटाची चेन लावत म्हणाले. "म्हणून तर मागितला."