शिडी आडवी होते का?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास, वीज कंपनीच्या वसईतील एका कार्यालयाच्या आवारात दोन बकेट गाड्यांची चाचणी संपली. चाचणीच्या कागदावर चार सह्या व्हायच्या होत्या. तीन झाल्या. चौथी प्रधान तंत्रज्ञाची होती. ती त्यांनी केली नाही. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा एकोणीस दिवस उरले होते.

या तंत्रज्ञांना सगळे शिडीनाना म्हणत. मी एका दैनिकाच्या वसई-विरार पानासाठी बातम्या पाठवत असे आणि वीज गेली की पहिला फोन त्यांना करत असे. "किती वाजता येईल?" या प्रश्नाला त्यांनी मला कधी उत्तर दिलं नाही. उत्तराऐवजी ते जागा सांगत. "तार कुठं तुटली ते सांगतो. वेळ तुम्ही छापता, शिव्या आमी खातो." त्यांनी सांगितलेली जागा मला एकदाही दुरुस्त करावी लागली नाही.

शिडीनाना हे नाव त्यांना मापामुळे पडलं. फायबरची सरकती शिडी मिटली की साधारण साडेतीन मीटर भरे. कोणत्याही गल्लीत शिरताना नाना ती आडवी धरून फिरवून पाहत. दोन्ही कुंपणांमध्ये ती मोकळी फिरली तर ती गल्ली आडवी. अडली तर उभी. वसईच्या जुन्या गावांतल्या सगळ्या गल्ल्या त्यांच्या वहीत या दोन शब्दांत वाटलेल्या होत्या. नवा कर्मचारी तक्रारीचा पत्ता सांगू लागला की नाना त्याला थांबवत. "पत्ता राहू दे. शिडी आडवी होते का?"

कारण साधं होतं. खांबाला लावलेल्या शिडीचा पाय पुरेसा मागे घ्यावा लागतो. उभ्या गल्लीत पाय मागे घेतला की रस्ता अडतो आणि स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागतात. पाय जवळ घेतला की शिडी खांबाला चिकटून उभी राहते आणि वरचा माणूस मागे झुकतो.

नानांचं घर नायगावच्या खाडीकाठचं. वडील भातशेती करत, भावांनी टॉवरवाल्यांना जमीन विकली, नानांनी आपला तुकडा ठेवला. बोलण्यात 'ण' नव्हता. नोकरीत चौतीस वर्षं झाली तरी तो आला नाही. बंद केलेल्या लाईनला ते हात लावण्याआधी तिच्यावर साखळी टाकून ती जमिनीला जोडत, मग पुन्हा तपासत. एखादा हसलाच तर म्हणत, "बंद लाईन आनि ओहोटीची खाडी, दोघींवर भरवसा ठेवू नको. पानी कुठून शिरेल सांगता येत नाय." गोखिवऱ्याला एका कारखान्याच्या जनरेटरची वीज उलटी शिरून बंद लाईन जिवंत झाली होती. साखळीवर ठिणगी पडली. हसणारा माणूस त्या दिवशी त्यांच्या मागेच उभा होता. नाना त्याला एवढंच म्हणाले, "भरती आली बघ."

बकेट गाडी म्हणजे ट्रकवर बसवलेला लांब हात आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी बादली. काही वर्षांपूर्वी कार्यालयाला अशी एक जुनी गाडी मिळाली होती. ती मोठी होती. उभी करताना चारही बाजूंना पाय पसरावे लागत आणि पाय पसरायला गावांत जागा नव्हती. महामार्गावर ती दोनदा वापरली गेली, नंतर आवारातल्या चिंचेखाली उभी राहिली. एका उन्हाळ्यात बादलीत कावळ्याने घरटं केलं. नानांनी साहेबांना तसं कळवलं. "गाडी कामाला लागली. एकाचं तरी घर झालं."

ती गाडी चिंचेखाली असतानाच पास्कू पडला. पास्कू नानांचा जोडीदार. अकरा वर्षं दोघे एकाच शिडीवर होते, एक वर आणि एक खाली. पश्चिमेकडच्या एका गावात, पास्कूच्याच घरापासून सात-आठ घरं अलीकडे, तो शिडीसकट मागे गेला. कंबर मोडली. चौकशीत लिहिलं गेलं, 'कर्मचाऱ्याचा तोल गेल्याने अपघात.' माझ्या बातमीतही तेच शब्द होते. पास्कूने नोकरी सोडली आणि घराच्या पडवीत किराणा मांडला. नाना दर रविवारी दुपारी तिथे जात. दोघे फार बोलत नसत.

यानंतर नाना दर वर्षी एकच मागणी लिहून देत: लहान बकेट गाडी. दर वर्षी कागद परत येई. नव्या उपअभियंता मॅडम साताऱ्याकडच्या. त्यांनी कागद परत पाठवला नाही, पुढे पाठवला. म्हणून त्या मंगळवारी दोन गाड्या चाचणीला आल्या.

पहिली मोठी. हात सोळा मीटर, बादली लोखंडी, दोन माणसांची. दुसरी टेम्पोच्या सांगाड्यावरची. हात अकरा मीटर, बादली फायबरची, एका माणसाची, आणि पाय बाहेर न पसरता सरळ खाली उतरणारे. दोन्ही गाड्यांचे हात वर गेले, फिरले, खाली आले. मोठ्या गाडीचा विक्रेता नानांच्या मागे मागे फिरत होता.

"काका, सोळा मीटर जाती है. चंदनसारला नवीन टॉवर बघा, पाचवा माळा आरामात."

"खांब नऊ मीटरचा हाय," नाना म्हणाले. "वरच्या सात मीटरमधे काय, घारी पकडायच्या?"

त्यांनी लोखंडी बादलीवर पक्कड वाजवली, मग फायबरच्या. दोन्ही आवाज ऐकले. मॅडमनी कागद पुढे केला. त्यावर मोठ्या गाडीची शिफारस टाईप होऊन आली होती.

"नाना, दोन्ही वर गेल्या, दोन्ही खाली आल्या. अजून काय बघायचं?"

"वर-खाली तर पाळना पन जातो, मॅडम. इथं खाली काँक्रीट हाय, आनि गल्ली नाय."

"मग तसं लिहा आणि सही करा."

"लिहितो. सही गल्लीत करतो."

मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. शुक्रवारी कागद वर गेला नाही, तर या वर्षी एकही गाडी मिळणार नव्हती. पुढच्या वर्षी नाना नसणार होते. "तुम्ही घरी जाल आणि पोरं शिडीवरच राहतील," त्या म्हणाल्या.

"मोठी घेतली तरी पोरं शिडीवरच राहतील. वर कावळा राहील."

मॅडमनी गुरुवारची सकाळ दिली. गल्ली नानांनी निवडली. ती पास्कूची होती.

गुरुवारी नऊला गावचा पुरवठा बंद करून दोन्ही गाड्या आल्या. कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी नानांनी शिडी आडवी धरली आणि फिरवली. ती दोन्हीकडे अडली. मग मोठी गाडी आत घेतली. गाडी शिरली, पाय शिरले नाहीत. डावे पाय कुंपणाला टेकले आणि गाडीने भोंगा दिला. पाय पूर्ण उघडल्याशिवाय तिचा हात उठत नव्हता.

विक्रेता म्हणाला, "काका, आत एक स्विच आहे. दाबला की भोंगा बंद, हात चालू. सगळे तसंच करतात."

"तो स्विच कागदावर लिहून द्या," नाना म्हणाले. "सगळे तसंच करतात, हे पन लिहा."

विक्रेत्याने लिहून दिलं नाही. मोठी गाडी मागे घ्यायला पंचवीस मिनिटं लागली.

लहान गाडी आत आली. एक पाय गटाराच्या झाकणावर येत होता. नानांनी गाडी दोन हात पुढे घ्यायला लावली, पायांखाली फळ्या ठेवल्या. पास्कू पडवीतल्या स्टुलावर काठी घेऊन बसला होता.

"नाना," त्याने हाक मारली, "आज शिडी कोन धरतंय? तू नाय ना?"

गल्लीतले दोघे-तिघे हसले. नाना हसले नाहीत. "आज धरायला काय नाय," ते म्हणाले आणि बादलीत चढले.

बादली खांबाच्या टोकापर्यंत गेली. नानांनी तारेची बांधणी सोडली आणि पुन्हा केली. खाली उतरले. त्यानंतर त्यांनी पलीकडच्या केळीच्या वाडीतला खांब दाखवला आणि हात तिकडे फिरवायला सांगितलं. बादली चार हात कमी पडली. मॅडम म्हणाल्या, "हे नाही लिहिलं तरी चालेल. उगाच तुमच्याच गाडीत खोट काढतील."

"लिहायचं. नायतर वाडीतल्या खांबावर कोन तरी बादलीतून लोंबकळेल."

कागद पास्कूच्या दुकानाच्या फळीवर ठेवून नानांनी अभिप्राय लिहिला. मोठी गाडी: महामार्ग आणि पूर्वेकडचे रुंद रस्ते यासाठी योग्य, उभ्या गल्लीत निरुपयोगी. लहान गाडी: उभ्या गल्लीत योग्य, वाडीतल्या खांबांना अपुरी. शेवटी त्यांनी तीन वाक्यं लिहिली. ती मी त्या वेळी उतरवून घेतली. "याच खांबावर पास्कूची शिडी मी धरली होती. स्कूटरला वाट देण्यासाठी तो चढण्याआधी शिडीचा पाय मी एक वीत आत घेतला होता. त्याचा तोल गेला नव्हता."

मॅडमनी वाचलं आणि त्या वाक्यांवर पेन टेकवलं. "नाना, ही चौकशी बंद झालीय. तुम्ही ती उघडताय. सतरा दिवस राहिलेत. काढा ही वाक्यं, गाडीसाठी वरचं पुरेसं आहे."

"पुरेसं नाय, मॅडम. वर विचारतील, गल्लीमुळं कधी काय झालं का. चौकशीचा कागद म्हनतो, झालं नाय. मानसाचा तोल गेला, गल्लीचं काय नाय." त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. "मग मोठी गाडी घ्यायला त्यांना काय हरकत?"

पास्कूने हात पुढे केला आणि कागद वाचायला मागितला. त्याने तो दोनदा वाचला.

"एक वीत?" त्याने विचारलं.

"एक वीत."

"मला वाटायचं दोन असेल," पास्कू म्हणाला. मग त्याने काचेच्या बरणीतून एक गोळी काढून नानांच्या हातावर ठेवली. "सही कर. गर्दी होते दुकानात."

नानांनी सही केली. शुक्रवारी कागद वर गेला. मॅडमनी टाईप केलेली शिफारस काढून नानांचा अभिप्राय जसाच्या तसा जोडला. एकतीस मे रोजी शाल, श्रीफळ आणि घड्याळ देऊन नाना निवृत्त झाले. भाषण करायला सांगितल्यावर त्यांनी गल्ल्यांची वही मॅडमकडे दिली आणि खाली बसले.

चौकशी पुन्हा उघडली गेली. नानांना दोनदा जबाबासाठी बोलावलं. दोन्ही वेळा ते सदरा इस्त्री करून आले आणि तीच तीन वाक्यं बोलले. त्यांच्यावर ठपका आला. 'कर्मचाऱ्याचा तोल गेल्याने' हे शब्द अहवालातून निघाले. मी बातमी दिली. माझ्या जुन्या बातमीची दुरुस्ती तिच्याखाली छापली गेली.

पुढच्या जानेवारीत पास्कूच्या गल्लीतला फ्यूज उडाला. सकाळी साडेदहाला मला पास्कूचा फोन आला, गाडी येतेय म्हणून. मी गेलो. नवी लहान गाडी अकरा वाजून दहा मिनिटांनी क्रुसापाशी वळली. चालकाजवळ नानांच्या वहीची झेरॉक्स होती. पाय फळ्यांवर उतरले, एक माणूस बादलीतून वर गेला, काम अठरा मिनिटांत झालं.

मी नायगावला नानांना फोन लावला. ते शेतात होते. मी गाडी आल्याचं सांगितलं.

"वेळ नका सांगू," ते म्हणाले. "गाडीवर शिडी होती का? का सुटली पोरं तिच्यातून?"

मी पुन्हा जाऊन पाहिलं. गाडीवर शिडी नव्हती.