तेल सरलं, उद्या ये

गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या भोजराज टेंभऱ्यांना जादूच्या कादंबऱ्यांचा नाद होता. धानाची चुरणी-मळणी आटोपली की ते गोंदियाला जात आणि स्टेशनाबाहेरच्या दुकानातून एखादी हिंदी कादंबरी घेऊन येत. तळघरातली राजकन्या, बोलते पुतळे, वेष पालटणारे हेर. संध्याकाळी त्यांच्या छपरीत शेजारीपाजारी जमत. भोजराज वाचत आणि अडेल तिथं बोलीत समजावून सांगत.

सगळ्यांच्या आधी येऊन बसायची धुरपताबाई. विधवा बाई, लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणी करून पोट भरायची. तिचा एकुलता एक मुलगा बकाराम आसामच्या चहामळ्यात गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. कादंबरीतला हरवलेला राजपुत्र मात्र शेवटी घरी यायचाच. तेवढं ऐकून ती समाधानानं उठायची.

१९३४च्या हिवाळ्यात भोजराजांना एक वेगळंच पुस्तक मिळालं. लिहिणाऱ्यानं असल्या सगळ्या कादंबऱ्यांची खिल्ली उडवली होती. राजपुत्राला कायम सर्दी, त्यामुळे कुठलाही वेष घेतला तरी शिंकेवरून ओळखू यायचा. जादूगाराला मंत्राची दुसरी ओळ आठवत नसे, म्हणून त्याचे राक्षस कमरेपर्यंतच प्रकट होत. इतकी वर्षं आपण हेच सारं डोळे विस्फारून वाचत आलो, हे कळून भोजराजांना आणखीच हसू येई.

"काऊन एकटेच हासून राहिले?" बायको शामकलानं विचारलं.

"संध्याकाळी आयक," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी छपरी हसून हसून लोळली. मग राणीचं पान आलं. हरवलेल्या मुलाची वाट पाहत म्हातारी राणी दारात आरती घेऊन उभी असते. राजपुत्राचा वेष घेऊन एकामागून एक सात हेर येतात आणि ती सातही जणांना ओवाळते. शेवटी खरा मुलगा येतो तेव्हा दिवा विझलेला असतो. ते पान भोजराजांनी आधी वाचलेलं होतं. समोर कोण बसलंय हेही दिसत होतं. पण हसवण्याच्या भरात त्यांचं तिकडे लक्षच राहिलं नाही. उलट त्यांनी म्हातारीचा कापरा आवाज काढला, "तेल सरलं रे बापू. उद्या ये."

"भोजाभाऊ, हे तं आपली धुरपताच," दुलीचंद म्हणाला.

हसण्याचा लोट उठला. भोजराजही हसले. हसता हसताच त्यांची नजर धुरपताबाईकडे गेली. ती खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पान संपेपर्यंत ती बसून राहिली आणि मग उठून निघून गेली.

सकाळी भोजराज तिच्या झोपडीपाशी गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"काकी, काल चुकलंच माहं."

"का चुकलं? पुस्तकात होतं ते वाचलं तू."

"तो आवाज पुस्तकात नव्हता."

ती पाखडत राहिली. मग हात थांबवून तिनं विचारलं, "तो पोरगा दुसऱ्या दिवशी आला का?"

पुस्तकात तो येत नाही. वाटेत जादूगाराच्या पोरीशी लग्न लावतो आणि आईला साफ विसरतो. तेही पान फार गमतीचं होतं.

"आला," भोजराज म्हणाले.

"तेल होतं का तवा?"

"होतं."

"मंग आज तेच वाच."

संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी पुस्तक उघडलं आणि छापलेल्या ओळींवर नजर ठेवून भलतंच वाचलं. मुलगा आला, दिवा लागला, आईनं ओवाळलं. कोणी हसलं नाही. आज काही मजा आली नाही, असं दुलीचंद म्हणाला. धुरपताबाई मात्र पदरानं तोंड पुसून हळूच उठली.

माणसं गेल्यावर भोजराज तेच पुस्तक घेऊन बसले. खरं पान वाचताना त्यांना पुन्हा हसू फुटलं. ते दाबलं तरी दाबलं जाईना. शामकला बाहेर आली तसं त्यांनी पुस्तक मिटलं आणि मान वळवली. लाजेनं कान तापले होते.

बकाराम आला नाही. पुढं कितीतरी रोवण्यांना धुरपताबाई चिखलात वाकून बायांना त्या राणीची गोष्ट सांगायची, भोजराजांनी वाचली होती तशीच. तिचा आवाज कानी पडला की शेताच्या धुऱ्यावर उभे असलेले भोजराज पलीकडच्या बांधीत निघून जात.